आपले प्रश्न, आमची उत्तरे : जागवणाऱ्या आणि झोपवणाऱ्या गोळ्या

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे नशेच्या स्वस्त गोळ्यांविषयीची आहेत. त्यामुळे गुडघेदुखी आणि मधुमेहाविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले असून हे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. काही पत्रे फार लांबलचक असल्याने त्यांतील मुख्य भाग तेवढा छापला आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. तो अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून रात्रपाळी करतो आणि दिवसा घरोघरी पार्सल पोचवतो. गेले काही महिने तो दोन-दोन दिवस झोपत नाही, जेवत नाही आणि मग एकदम दीड दिवस उठत नाही. त्याचे वजन खूप उतरले आहे. हल्ली तो म्हणतो की शेजारचे लोक मोबाईलमधून त्याच्यावर पाळत ठेवतात. त्याच्या खिशात लहान गुलाबी गोळ्या सापडल्या. विचारले तर म्हणाला, "कामासाठी घेतो, हे दारूसारखं नाही." नातेवाईक म्हणतात की लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल. आम्ही काय करावे?
— एक आई, सिडको

उत्तर : ताई, पत्रावरून निदान करता येत नाही. तरीही आपण जे लिहिले आहे, म्हणजे सलग जागरण, भूक मरणे, त्यानंतर गाढ झोपेचा दीर्घ काळ आणि आता संशय, तो क्रम उत्तेजक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये नेहमी आढळतो. अँफेटामिन आणि मेथाम्फेटामिन या वर्गातील द्रव्ये मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या संदेशवाहक रसायनांचा पूर आणतात. त्यामुळे थकवा जाणवत नाही, भूक लागत नाही, नाडी आणि रक्तदाब वाढतो आणि आपण काहीही करू शकतो असे वाटू लागते. ही ताकद गोळीतून आलेली नसते. ऊसतोडीचा मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढचा अख्खा हंगाम ती फेडत राहतो, तसे शरीर आपल्याच पुढच्या दिवसांमधून उचल घेत असते, आणि दीड दिवसाची ती झोप हा त्या फेडीचा पहिला हप्ता असतो.

गोळी गुलाबी आहे यावरून तिच्यात काय आहे हे कोणीही सांगू शकत नाही. म्यानमारच्या शान प्रांतात मोठ्या प्रमाणावर तयार होऊन बांगलादेशात आणि आपल्या मिझोराम, त्रिपुरा, आसाममध्ये पकडली जाणारी याबा गोळी साधारणतः लालसर किंवा गुलाबी असते. तिच्यात मेथाम्फेटामिन थोडे आणि कॅफिन बरेच असते. पश्चिम आशियात कॅप्टागॉन या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळीची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या नावाचे मूळ औषध जर्मनीत १९६१ साली तयार झाले, १९८६ साली ते आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले आणि त्याचे अधिकृत उत्पादन थांबले. त्या नावाच्या गोळ्या मात्र आजही निघतात. त्यांच्यात बहुधा साधे अँफेटामिन, कॅफिन आणि जे हाताशी असेल ते असते. २०२० साली इटलीतील सालेर्नो बंदरात अशा आठ कोटींहून अधिक गोळ्या एकाच वेळी पकडल्या गेल्या. म्हणून गोळीच्या रंगावर, तिच्यावरील ठशावर किंवा विकणाऱ्याने सांगितलेल्या नावावर विसंबू नये. लघवीच्या तपासणीतून द्रव्याचा वर्ग बऱ्याचदा कळतो. ती कधी करायची हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

पाळतीच्या संशयाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. उत्तेजक द्रव्यांमुळे होणाऱ्या या विकारात माणसाला कोणीतरी मागावर आहे असे वाटते, कधी आवाज ऐकू येतात, कधी कातडीखाली किडे वळवळल्याचा भास होतो. गोळी बंद झाल्यावर आणि झोप भरून निघाल्यावर अनेकांमध्ये तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो, काहींमध्ये मात्र टिकतो, आणि कोणाचा टिकेल हे आधी सांगता येत नाही. तो असे काही बोलत असताना वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. "तुला भीती वाटते आहे हे मला दिसतं, आपण डॉक्टरांना विचारू" एवढेच म्हणावे. शेजाऱ्यांशी त्याची गाठ घालून देऊन खुलासा करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. मारामाऱ्या नेमक्या तिथेच होतात.

त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा आपल्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. गर्द (ब्राऊन शुगर) किंवा अफूच्या व्यसनावर जशी बदली औषधे असतात तसे उत्तेजकांच्या व्यसनावर मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. त्यामुळे "एका इंजेक्शनात व्यसन सोडवतो" अशी जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहावे. भास आणि संशयासाठी काही काळ औषध दिले जाते, आणि व्यसनावर मुख्य भर समुपदेशनावर असतो. तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटेसे ठरलेले बक्षीस देण्याची एक पद्धत आहे. ती पोरकट वाटली तरी या व्यसनात तिचाच परिणाम सर्वांत चांगला दिसून आला आहे. गोळी थांबल्यानंतरचे पहिले काही दिवस तो अतिशय खिन्न राहील. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार याच काळात येतो, म्हणून त्याला एकटे ठेवू नये. छातीत दुखणे, अंग तापून फणफणणे, झटके किंवा भान हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

लग्नाविषयी स्पष्टच लिहितो. मुलाच्या उपचाराचे ओझे एका अनोळखी मुलीच्या डोक्यावर ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. नातेवाईकांना हे माझ्या नावाने सांगावे.

आणि "हे दारूसारखं नाही" हे त्याचे वाक्य खोटे आहे असे समजू नका. त्याच्या दृष्टीने ते खरे आहे. दारू मौजेसाठी घेतली जाते हे तो पाहतो, गोळी तो दोन नोकऱ्या निभावण्यासाठी घेतो. स्वस्त उत्तेजकांचा प्रसार जगात सगळीकडे असाच, श्रमाच्या वाटेने झाला आहे, आणि म्हणूनच घरच्यांना तो उशिरा कळतो, कारण पोरगा तर राबताना दिसत असतो. दोन्ही कामे चालू ठेवून गोळी सुटणार नाही. रात्रपाळी किंवा पार्सलचे काम, यांपैकी एक थांबवावे लागेल आणि त्यामुळे घरात येणारा पैसा कमी होईल, ही गोष्ट आधी कुटुंबाने आपसात बोलून ठरवावी.

प्रश्न : माझ्या मालवाहतुकीच्या दोन गाड्या आहेत. हंगामात द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा घेऊन त्या दिल्ली आणि कोलकात्यापर्यंत जातात. वेळेत माल न पोचल्यास व्यापारी भाडे कापतो. माझे चालक जागे राहण्यासाठी ढाब्यावर मिळणारी गोळी घेतात. ते म्हणतात की ती कडक चहासारखीच आहे. मी यात पडावे का?
— गाडीमालक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : आपण यात आधीच पडलेले आहात, कारण माल कधी पोचला पाहिजे हे आपण ठरवता.

चहातील कॅफिन थकव्याची जाणीव थोडी लांबवते. मेथाम्फेटामिन ती जाणीवच पुसून टाकते, आणि जोडीला चालकाला आपण उत्तम गाडी चालवत आहोत अशी खात्री देते. त्यामुळे तो वेग वाढवतो आणि धोकादायक ठिकाणी पुढच्या गाडीला ओलांडतो. गोळीचा असर उतरू लागला की झोप हळूहळू येत नाही, ती कोसळते. कसारा घाटात किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर पहाटे तीन-चारच्या सुमारास उभ्या गाडीवर मागून आदळणारी गाडी पाहिली की ब्रेक लागल्याच्या खुणाच नसतात. त्यामागे प्रत्येक वेळी गोळी असते असे मी म्हणणार नाही, पण झोप बहुतेक वेळा असते.

काम करून घेण्यासाठी उत्तेजक वापरण्याचा हा खेळ नवा नाही. जर्मनीत १९३८ साली मेथाम्फेटामिन पर्व्हिटिन या नावाने दुकानात सहज मिळू लागले आणि युद्धात ते सैनिकांना वाटले गेले. १९४१ साली खुद्द तिथल्याच सरकारला त्यावर निर्बंध घालावे लागले. मेथाम्फेटामिन मुळात जपानी रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. जपानने ते युद्धकाळात सैनिकांना आणि कारखान्यांतील कामगारांना दिले. युद्ध संपल्यावर लष्कराकडचा साठा बाजारात आला, आणि भुकेल्या, खचलेल्या शहरांमध्ये त्याचे व्यसन इतके पसरले की १९५१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५४ या एका वर्षात तिथे या गुन्ह्याखाली पन्नास हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. थायलंडमध्येही या गोळीचे पहिले गिऱ्हाईक ट्रकचे चालक आणि मजूर हेच होते. तिन्ही ठिकाणी सुरुवात "काम उरकायचे आहे" इथूनच झाली.

आपल्याकडे यासाठी मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ हा होता; २०२५ साली त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. जुन्या कायद्यानुसार चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास असावे असे होते, लांब पल्ल्यासाठी काही सवलत होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागे. हे महामार्गावर किती पाळले गेले ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. नशेत गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ते कलम दारूबरोबर अमली द्रव्यांनाही लागू आहे. पण कलमांपेक्षा आपल्या हातातला उपाय सोपा आहे. लांबच्या फेरीला दोन चालक द्यावेत, लवकर पोचल्याबद्दलचे बक्षीस बंद करावे आणि भाडे ठरवतानाच व्यापाऱ्याकडून अर्ध्या दिवसाची सवड मागून घ्यावी. द्राक्षाचा एक हंगाम नफा थोडा कमी होईल. तो हिशेब आपला आपण करावा, मात्र त्यात अपघाताचा खर्चही धरावा.

प्रश्न : मी मालेगावात शिक्षक आहे. आमच्याकडे "कुत्ता गोळी" म्हणून जी विकली जाते, ती हीच जागवणारी गोळी का? शाळा सोडलेली मुले आणि यंत्रमागावरचे तरुण ती घेतात. एका मुलाला घरच्यांनी चार दिवस कोंडून ठेवले, तेव्हा त्याला आकडी आली. लोक म्हणाले, नाटक करतो.
— मालेगाव

उत्तर : गुरुजी, हे पत्र सर्वांनी वाचावे असे आहे. नाही, ती हीच नव्हे. ती बरोबर उलट आहे. मालेगावात त्या नावाने प्रामुख्याने अल्प्राझोलाम विकले जाते. अल्प्राझोलाम हे चिंता आणि घबराट यांच्यावरील औषध असून मेंदूला शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या वर्गातले आहे. छत्रपती संभाजीनगरकडे "बटन" या नावाने चालणाऱ्या गोळ्याही याच वर्गातल्या असतात. ती घेतल्यावर काही तरुण शांत होण्याऐवजी बेफाम होतात, भीती आणि भान दोन्ही गमावतात, सकाळी त्यांना काही आठवत नाही. त्यामुळे लोकांना ती उत्तेजक वाटते. वर्तमानपत्रेही अनेकदा दोन्ही गोळ्यांना एकाच नावाने संबोधतात, आणि इथे हा गोंधळ जिवावर बेततो.

उत्तेजक गोळी अचानक बंद केली तर माणूस खिन्न होतो, खूप झोपतो, चिडतो, पण शारीरिकदृष्ट्या बहुधा निभावून नेतो. अल्प्राझोलाम बराच काळ मोठ्या मात्रेत घेणाऱ्याने ते अचानक बंद केले तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, मृत्यूही येऊ शकतो. आपल्या विद्यार्थ्याची आकडी हे नाटक नव्हते. अशा मुलाला कोंडून ठेवणे हा उपचार नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू, कधी आठवड्यांनी तर कधी महिन्यांनी उतरवावी लागते. जोडीला दारू किंवा कफ सिरप असेल तर श्वास मंदावून झोपेतच जीव जाऊ शकतो, ही दुसरी गोष्ट पालकांच्या कानावर घालावी. काही तरुण रात्री जागवणारी आणि पहाटे झोपवणारी अशा दोन्ही गोळ्या घेतात. त्यांना कोणती गोळी केव्हा सोडवायची हे ठरवणे तज्ज्ञांनाही सोपे नसते, घरच्यांनी तर तो प्रयत्नच करू नये.

केंद्र सरकारने एम्सच्या साहाय्याने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ या वयोगटात उत्तेजकांचा वापर ०.१८ टक्के, तर झोपवणाऱ्या औषधांचा वापर १.०८ टक्के, म्हणजे सहापट आढळला होता. या सहापटीतील बराच माल सीमेपलीकडून येत नाही. तो औषधांच्या दुकानांच्या साखळीतूनच निसटतो. अल्प्राझोलाम हे औषधांच्या एच-१ या अनुसूचीत आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय ते देऊ नये आणि डॉक्टर, रुग्ण व दिलेली मात्रा यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी, असा नियम २०१४ पासून लागू आहे. आपल्या भागातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला शिक्षक आणि पालकांनी मिळून लेखी अर्ज देऊन या वह्यांच्या तपासणीची मागणी करावी. अर्जात कोणत्याही दुकानाचे नाव ऐकीव माहितीवर घालू नये. नियम पाळणारे मेडिकलवाले बरेच आहेत आणि आपल्याला त्यांचीच मदत लागणार आहे.

प्रश्न : भावाकडे गोळ्या सापडल्या. मदत मागायला गेलो आणि त्यालाच अटक झाली तर?
— पंचवटी

उत्तर : भीती रास्त आहे, पण तिच्यापायी उपचार थांबवू नयेत. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे पोलिसांकडे जाणे नव्हे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात सेवन करणारा, थोडा साठा बाळगणारा आणि व्यापार करणारा यांत फरक केलेला आहे. कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ते काढून घेता येते. दोषी ठरलेल्यालाही शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याची तरतूद कलम ३९ मध्ये आहे.

मात्रेचा हिशेब मात्र अनेकांना ठाऊक नसतो. मेथाम्फेटामिनची अल्प मात्रा दोन ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी मात्रा पन्नास ग्रॅमपासून धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की मिश्रणाचे एकूण वजन मोजायचे, केवळ शुद्ध द्रव्याचे नव्हे. म्हणजे गोळीतले कॅफिन आणि भुकटी हेही वजनात आले. एक गोळी साधारण दशांश ग्रॅमची धरली तर वीस गोळ्यांतच अल्प मात्रेची मर्यादा गाठली जाते. मित्रांसाठी एकत्र आणून ठेवणारा, स्वतःला विक्रेता न समजणारा मुलगा कायद्याच्या नजरेत कुठे जाऊन बसतो हे यावरून दिसेल. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे आणि जामीन अत्यंत कठीण आहे. आपल्या भावाबाबत प्रकरण पोलिसांपर्यंत गेलेच असेल तर आधी वकील गाठावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून पात्र व्यक्तींना तो विनामूल्य मिळतो.

खासगी व्यसनमुक्ती केंद्र निवडताना ते मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली नोंदलेले आहे का ते विचारावे. त्या कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भेटायला बंदी, फोनला बंदी आणि पैसे मात्र आगाऊ, असे जिथे दिसेल तिथून परत फिरावे. महाराष्ट्रात याहून चांगल्या कामाची परंपरा आहे. गर्दची लाट आली तेव्हा १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणने रुग्णाला माणूस म्हणून वागवून आणि कुटुंबाला सोबत घेऊन व्यसनमुक्ती करून दाखवली.

प्रश्न : आमच्या नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना निघाला, तेव्हा मान खाली गेली. हे लोक सुधारणार नाहीत. विकणाऱ्यांना सरळ गोळ्या घालायला हव्यात असे आपल्याला वाटत नाही का?
— एक ज्येष्ठ नागरिक, नाशिकरोड

उत्तर : नाही, वाटत नाही. आपला संताप मात्र मला समजतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी शिंदे येथे छापा घालून मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, बनवणारा कारखाना उघड केला आणि जप्त मालाची किंमत सुमारे तीनशे कोटी रुपये सांगितली गेली, तेव्हा सारे नाशिक हादरले होते. मेफेड्रोन हेही उत्तेजकच आहे. २०१५ पर्यंत तर ते आपल्या अमली पदार्थांच्या यादीतही नव्हते, आणि मुंबईत ते पुडीने विकले जात असताना पोलिसांचे हात बांधलेले होते. असे कारखाने औद्योगिक वसाहतींच्या आसऱ्याने का उभे राहतात याचे कारण गूढ नाही. भाड्याने सहज मिळणारी शेड, रसायनांची रोजची ने-आण, वास आला तरी कोणी विचारणार नाही असे वातावरण आणि जवळून जाणारा महामार्ग हे सारे तिथे आयते असते. शेड भाड्याने देणाऱ्याने भाडेकरू काय बनवतो हे पाहिले पाहिजे, आणि औद्योगिक संघटनांनी बंद पडलेल्या शेडची यादी ठेवून ती पोलिसांना दिली पाहिजे. यातून बंदुकीपेक्षा अधिक साधेल.

बंदुकीचा प्रयोग झालेला आहे. थायलंडने २००३ साली याबाविरुद्ध युद्ध पुकारले. पहिल्या तीन महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. नंतरच्या चौकशीत त्यांतील अनेकांचा अमली पदार्थांशी संबंध नसल्याचे दिसून आले. गोळी काही काळ महागली, मग परत आली, आणि आज ती तिथे तेव्हापेक्षा स्वस्त मिळते. बांगलादेशाने २०१८ साली तशीच मोहीम काढली आणि कायद्यात मृत्युदंडही आणला; म्यानमारच्या सीमेवरील टेकनाफच्या बाजूने नाफ नदी ओलांडून येणारा माल थांबला नाही. चकमकीत मेलेल्यांत शेवटच्या हातावरचे विक्रेतेच अधिक होते, कारण तेच रस्त्यावर सापडतात. माल बनवणारा आणि त्यात पैसा गुंतवणारा कधीच रस्त्यावर नसतो.

दुकानदारी करणारी पोरे अनेकदा स्वतःच्या गोळीचा खर्च काढण्यासाठी विकत असतात. त्यांत अल्पवयीन असतील तर त्यांना या धंद्यात वापरणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ते कलम लावले जाते की नाही याचा पाठपुरावा आपल्यासारख्या ज्येष्ठांनी केला तर पोलीस ठाण्यात आपले म्हणणे ऐकून घेतले जाईल. साठा किंवा कारखाना यांची माहिती केंद्राच्या मानस या १९३३ क्रमांकावर स्वतःचे नाव न देता सांगता येते.

प्रश्न : जिममध्ये एक जण इंजेक्शन देतो. ते घेतले की दीड तास वजन उचलता येते. हे प्रोटीनच असते ना?
— वय १९, गंगापूर रोड

उत्तर : नाही. राज्यात अनेक ठिकाणच्या पोलीस कारवायांत व्यायामशाळांमध्ये मेफेन्टरमिनची इंजेक्शने सापडली आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ ते वापरतात. धडधाकट तरुणाने ते घेऊन जोर काढला तर रक्तदाब आणि नाडी भलतीकडे जाऊन हृदय किंवा मेंदूला इजा होऊ शकते, आणि त्याचीही सवय लागते. एकच सुई अनेकांना टोचली जात असेल तर एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या करून घ्याव्यात. ईसीजीही काढावा. घरी सांगायला संकोच वाटत असेल तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या विनामूल्य क्रमांकावर आधी बोलावे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला चंचलतेच्या विकारासाठी डॉक्टरांनी मेथिलफेनिडेट दिले आहे. हेही उत्तेजक आहे असे वाचले. ती व्यसनी होईल का?
— इंदिरानगर

उत्तर : डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, त्यांच्या देखरेखीखाली दिल्यास तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. या विकारात ते अनेक मुलांना खरोखर उपयोगी पडते. स्वतःहून ते बंद करू नये. भूक, वजन, उंची आणि झोप यांची नोंद ठेवावी. हे औषध सर्वाधिक कडक नियंत्रणाच्या एक्स अनुसूचीत आहे, म्हणून चिठ्ठीची प्रत दुकानात ठेवून घेतात. त्यात अपमान मानू नये. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, विशेषतः घरात अभ्यासासाठी जागणारी मोठी भावंडे असतील तर.

प्रश्न : आमचे मंडळ यंदा गणेशोत्सवात या विषयावर देखावा आणि पथनाट्य करणार आहे. काय दाखवावे?
— एक कार्यकर्ता, सातपूर

उत्तर : कवटी, हाडे, काळा धूर आणि साखळदंड दाखवू नयेत. पाहणारा व्यसनी तरुण मनात म्हणतो, "मी काही असा नाही," आणि पुढच्या मंडळाकडे जातो. गोळ्यांची नावे, किमती आणि त्या घेतल्यावर कसे वाटते याचे वर्णनही नको. ते नवख्याला माहिती पुरवते. त्याऐवजी दोन पाळ्या करणारा एक कामगार दाखवा, त्याचे कौतुक करणारे घर दाखवा, त्याने न जेवता उठणे दाखवा, आणि बहिणीने त्याला सिव्हिलमध्ये नेणे दाखवा. बहिणीला तिथे केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते, तेही दाखवा, खरे वाटेल. प्रयोगानंतर कोणी बाजूला येऊन काही विचारले तर उत्तर देण्यासाठी एक समुपदेशक मंडपामागे बसवून ठेवा, आणि त्या खुर्चीवर मंडळाचे पदाधिकारी बसणार नाहीत याची काळजी घ्या. फलकावर १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे दोन क्रमांक लिहा, आणि ते प्रायोजकांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत असावेत अशी अट वर्गणी घेतानाच घाला.